गाडी, माणूस आणि माथ्यावरचे छत



या व्यासपीठावरून वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सर्व विषयांचा ऊहापोह होत असतो. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदी घरगुती आहे. घराच्या गॅरेजमध्ये मोटार उचलणारी लिफ्ट बसवावयाची असेल तर त्या गॅरेजचे छत किती उंच असावे, एवढाच आमचा प्रश्न. लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. आम्ही घर बांधून पाहिले आणि या एका प्रश्नात चुकलो. ती चूक इतरांना टाळता यावी म्हणून हे चार शब्द.

पहिली शंका अशी येईल की गाडी उचलणारी लिफ्ट ही सर्व्हिस स्टेशनातली वस्तू. ती घरात कशाला हवी? पूर्वी ही शंका रास्त होती. अमेरिकेत मेंफिस शहरातील पीटर लुनाटी नावाच्या मिस्त्रीने १९२५ साली तेलाच्या दाबावर गाडी उचलणाऱ्या लिफ्टचे पेटंट घेतले. न्हाव्याच्या दुकानातली वरखाली होणारी खुर्ची पाहून त्याला ती कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे दोन खांबांच्या आणि चार खांबांच्या लिफ्टा निघाल्या, त्या स्वस्त झाल्या आणि हौशी लोकांच्या घरी येऊन पोहोचल्या. आपल्याकडेही जुनी पद्मिनी किंवा अँबॅसडर जिवापाड जपणारे लोक आहेत, आणि एका गाडीच्या जागेत दोन गाड्या उभ्या करण्याची गरज तर शहरातल्या पुष्कळांना पडू लागली आहे. परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांच्या घरी ही लिफ्ट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचे नवल वाटणार नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आमच्या ओळखीचा एक मिस्त्री जॅकवर उचललेल्या गाडीखाली उताणा शिरून काम करीत असे. जॅकखाली शहाबादी फरशी होती. एके दिवशी फरशी तडकली, जॅक कलला आणि गाडी खाली आली. काढून ठेवलेले चाक त्याने सवयीने गाडीखाली सरकवून ठेवले होते, त्यावर ती टेकली म्हणून तो वाचला. हात मात्र कायमचा अधू झाला. लिफ्ट ही चैनीची वस्तू आहे की गरजेची, यावर वाद घालता येईल. परंतु गाडीखाली जाणाऱ्या माणसाला सुरक्षित जागा हवी, यावर वाद नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्याकडे घर बांधताना मजल्यामजल्यातील अंतर बहुधा १० फूट धरतात. आम्हीही तेच धरले आणि गाडी तर पाच फुटांची, तेव्हा उरलेले पाच फूट पुष्कळ झाले, असा हिशेब मनाशी केला. या हिशेबात तीन चुका होत्या. पहिली चूक अशी की १० फूट हे फरशीपासून वरच्या मजल्याच्या फरशीपर्यंतचे अंतर असते. त्यातून ५ इंचांचा स्लॅब वजा केला की ९ फूट ७ इंच उरतात. दुसरी चूक बीमची. स्लॅबसह दीड फूट खोलीचा बीम गॅरेजच्या मधोमध आडवा गेला असेल, तर त्याच्याखाली ८ फूट ६ इंचच मिळतात. तिसरी चूक सर्वांत मोठी. आम्ही गाडीची उंची मोजली. गाडीखाली उभ्या राहणाऱ्या माणसाची उंची मोजलीच नाही.

वाड्यांचे आणि गडांचे महाद्वार बांधणारे जुने कारागीर याबाबत आमच्यापेक्षा शहाणे होते. दारातून हत्ती जावयाचा असेल तर ते हत्तीची उंची पाहून थांबत नसत. वरची अंबारी आणि तीत बसलेला माणूसही हिशेबात घेत. आपल्याला तोच हिशेब उलट्या बाजूने करावयाचा आहे. येथे माणूस वर बसलेला नाही, खाली उभा आहे.

हा हिशेब असा. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला ताठ उभे राहून काम करावयाचे असेल, तर गाडीचा तळ जमिनीपासून निदान ५ फूट ९ इंचांवर हवा. त्यावर गाडीची तळापासून टपापर्यंतची उंची मिळवावी. गाडी एकंदर ५ फूट उंच असली, तरी तिचा तळ जमिनीपासून सहा इंच वर असतो. म्हणून मारुती स्विफ्टसारख्या गाडीची तळापासूनची उंची साधारण साडेचार फूट भरते. ५ फूट ९ इंच आणि ४ फूट ६ इंच मिळून १० फूट ३ इंच झाले. टप आणि छत यांच्यामध्ये सहा इंचांची मोकळी जागा सोडली की बेरीज १० फूट ९ इंचांवर जाते. अँबॅसडर सव्वापाच फूट उंच, तिला ११ फूट लागतात. आणि स्कॉर्पिओसारखी सहा फुटी उंच गाडी असेल, तर हाच आकडा पावणेबारा फुटांच्या घरात जातो. तेव्हा ज्याला पुढेमागे कोणतीही गाडी उभ्याने दुरुस्त करता यावी असे वाटते, त्याने बीमच्या खाली १२ फूट मोकळे ठेवावेत. हा आकडा कोणी ठरवून दिलेला नाही. तो माणसाच्या आणि गाडीच्या उंचीतूनच निघतो.

लिफ्टचे स्वतःचे अंगही मोजावे लागते. दोन खांबी लिफ्टचे दोन प्रकार आहेत. एकात दोन्ही खांबांना जोडणारी तुळई माथ्यावर असते आणि तेलाच्या नळ्या व तारा तिच्यातून जातात. खालची जमीन मोकळी राहते. परंतु अशा लिफ्टची एकूण उंची बहुधा साडेअकरा ते बारा फूट असते. दुसऱ्या प्रकारात या नळ्या व तारा जमिनीवरच्या पत्र्याखालून जातात आणि खांब नऊ-साडेनऊ फुटांतच संपतात. हा दुसरा प्रकार पाहून अनेकांची फसगत होते, आमचीही झाली. खांब आमच्या स्लॅबखाली मावत होते. गाडी मात्र मावत नव्हती! खांबांची उंची ठरलेली असते, पण गाडीचे टप खांबांच्याही वर जाते. पहिल्या प्रकारात माथ्यावरच्या तुळईखाली बहुधा एक आडवी दांडी टांगलेली असते. टप तिला लागताच मोटर बंद पडते. दुसऱ्या प्रकारात माथ्यावर असा पहारेकरीच नाही. म्हणून तेथे खांबावर स्विच बसवून ठरावीक उंचीवर लिफ्ट थांबेल अशी तजवीज करून घ्यावी. बटण दाबणाऱ्याचे लक्ष खाली असते आणि टप वर आपटत असते.

काहींना दुरुस्ती करावयाची नसते, एकावर एक दोन गाड्या ठेवावयाच्या असतात. त्यांच्यासाठी चार खांबी लिफ्ट असते. तिचा हिशेब निराळा आहे. खालच्या गाडीची उंची ५ फूट, तिच्यावर ४ इंच मोकळे, फळीची जाडी ५ इंच, वरची गाडी ५ फूट आणि माथ्यावर ६ इंच; एकूण ११ फूट ३ इंच. अमेरिकेतल्या चित्रांत नऊ-साडेनऊ फुटांच्या गॅरेजात दोन गाड्या एकावर एक दिसतात खऱ्या. पण त्या पुष्कळदा कॉर्व्हेटसारख्या बैठ्या गाड्या असतात, ज्यांची उंची सुमारे ४ फूट १ इंच. आपल्याकडच्या दोन गाड्या त्या जागेत मावणार नाहीत. चित्र पाहून लिफ्ट घेऊ नये. आपली गाडी मोजून घ्यावी.

मोजतानाही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. माप लिफ्ट जेथे उभी राहणार तेथेच घ्यावे, कारण पाणी वाहून जावे म्हणून गॅरेजच्या जमिनीला दाराकडे उतार असतो. बांधकाम चालू असेल तर फरशी बसल्यावर दोनतीन इंच जातील हे धरून चालावे. शटरचे गुंडाळे दाराच्या वर आतल्या बाजूस फूट-दीड फूट जागा खाते. गाडीचे नाक वर जाऊन त्यालाच आपटते. अमेरिकेत दार दुमडून छताखाली रुळांवर आडवे जाते. तेथे ते रूळ भिंतीलगत उंच चढवून घ्यावे लागतात. पंखा, दिवा आणि पाण्याचा नळ यांना गाडीच्या वर जागा देऊ नये. गाडीची डिकी उघडली की ती टपाच्याही वर जाते, म्हणून गाडी वर असताना ती उघडू नये.

छताइतकेच महत्त्व जमिनीचे आहे. दोन खांबी लिफ्टचे सारे वजन खांबांच्या बुडाशी असलेल्या बोल्टांवर ओढ देते. निदान चार इंच जाडीचे सलग आणि चांगले मुरलेले काँक्रीट लिफ्ट बनवणारे बहुधा मागतात. काही त्याहून जाड मागतात. मुरुमाच्या भरावावर बसवलेल्या शहाबादी फरशीत बोल्ट ठोकणे म्हणजे त्या मिस्त्रीची गोष्ट पुन्हा घडवणे होय. आणि लिफ्ट कितीही भक्कम असली, तरी गाडी वर गेल्यावर ती तेलाच्या दाबावर लटकत ठेवू नये. किंचित खाली आणून लोखंडी कुलपांवर टेकवावी आणि मगच खाली शिरावे.

आता प्रश्न असा की घर आधीच बांधून झाले आहे, त्याने काय करावे? काही जण स्लॅबखालचा बीम तासण्याचा विचार करतात. कौलारू घरात काही जण दोन भिंतींवर टेकलेली आडवी तुळई कापून आढ्यापर्यंतची उंची मिळवू पाहतात. दोन्ही गोष्टी घातक आहेत. कौलांचे ओझे वाशांच्या वाटे भिंतींना बाहेर ढकलत असते आणि ती तुळई भिंतींना आत धरून ठेवते. तुळई गेली की भिंती फाकतात. गाडी उचलण्यासाठी घर पाडण्यासारखे ते आहे.

दुसरा जुना उपाय म्हणजे खड्डा. गाडी वर नेता येत नसेल तर माणूस खाली न्यावा, हा विचार सोपा आहे. परंतु पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने खड्ड्यात साचते आणि एका ठिणगीने भडकते. पावसाळ्यात पाणी भरते ते वेगळेच. सीएनजीची गोष्ट याच्या उलट आहे. तो वायू हलका असल्याने छताशी जमतो. म्हणून अशी गाडी असलेल्या घरी गॅरेजच्या भिंतीत छतालगत झरोके ठेवावेत. उंच छताला उंच झरोका हवा, हेही घर बांधतानाच सुचले पाहिजे.

आम्ही अखेर काय केले, ते सांगून पुरे करतो. आमच्या ९ फूट ७ इंचांतून गाडीचे साडेचार फूट आणि वरचे सहा इंच वजा केले, तर गाडीचा तळ ४ फूट ७ इंचांवर जाऊ शकतो. बीमखाली तर साडेतीन फुटांवरच. म्हणून आम्ही बीमची जागा सोडून कमी उंचीची, कात्रीसारखी उघडणारी लिफ्ट बसवली. चाकांची, ब्रेकची कामे तिच्यावर होतात. खालचे काम आम्ही स्टुलावर बसून करतो. पाठीला थोडा त्रास होतो, जिवाला धोका नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत तशी छत पाहून गाडी उचलावी, हे आम्ही उशिरा शिकलो.

पण ज्यांचे घर अजून कागदावर आहे, त्यांना उशीर झालेला नाही. गॅरेजवरच्या खोलीची जमीन तेवढी उंच घेतली, तर जिन्याच्या काही पायऱ्या वाढतील, एवढेच. किंवा नगरपालिकेच्या परवानगीने घराशेजारी पत्र्याचे निराळे उंच गॅरेज बांधता येईल. नकाशावर ही रेघ वर सरकवायला पेन्सिल पुरते. स्लॅब ओतल्यावर तो इंचभरही वर सरकत नाही. तेव्हा आर्किटेक्टकडे जाताना गाडीच्या उंचीचा कागद जरूर न्यावा. पण त्याआधी घरातला जो कोणी गाडीखाली काम करणार आहे, त्याला भिंतीशी उभे करून त्याच्या डोक्याशी खडूने एक खूण करावी. सगळी मापे त्या खुणेपासून वर मोजावीत.