जिमचा चेहरा कुणाचा?

मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’ कादंबरीतला जिम म्हणजे पळालेला गुलाम, बायकामुलांना सोडवण्याची आस धरलेला बाप. १८८५ च्या अमेरिकन आवृत्तीत ई. डब्ल्यू. केंबल या गोऱ्या चित्रकाराने त्याला रेखाटले. समोर बसवला कोण? एक गोरा पोरगा! तोच हक, तोच जिम. काळी लोकरी टोपी ओढून, ओठ पुढे काढून त्याने जिमचे सोंग आणले, हे केंबलनेच पुढे लिहून ठेवले. (लाजेने नव्हे, गंमत म्हणून!) गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी जनतेला जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली होती. त्यानंतर बारा वर्षांनीही जिमसाठी काळा माणूस बसवावासा वाटला नाही. कादंबरीतला जिम हकला झोपू देतो, त्याच्या वाट्याचा पहारा स्वतः करतो. आम्हाला तो चेहरा पाहायचा होता.