‘एफआर’ वायरचे इन्सुलेशन तपासताना

घराच्या वायरिंगचा विषय निघाला की ‘आमच्याकडे सगळी एफआर वायर आहे’ असे अभिमानाने सांगितले जाते. एफआर म्हणजे आग पसरू न देणारी वायर. हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के असतो. एफआर आवरण पेटते राहायला किमान 29 टक्के प्राणवायू लागला पाहिजे, असे आयएस 694 हे भारतीय मानक सांगते. म्हणून ज्योत दूर होताच ते विझते. पण आवरण विझते म्हणून ते वीजही अडवत असेलच, असे नाही.

नेहमीचे पीव्हीसी इन्सुलेशन 70 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असते. सैल जोडापाशी तापमान त्यापुढे जात राहिले की ते कडक होऊन तडकते. कॉन्ड्यूटमधून ओढताना पडलेला चरा, भिंतीत ठोकलेला खिळा, उंदराचे दात हीही इन्सुलेशन बिघडण्याची नेहमीची कारणे. त्यात पावसाळ्यात स्लॅबमधून पाणी झिरपले, की विजेला अर्थकडे जायला वाट मिळते.

ही गळती सुरुवातीला कळत नाही. एमसीबी फक्त जादा प्रवाह ओळखते. 230 व्होल्टवर 30 मिलिअँपिअर गळायचे तर त्या वाटेचा रोध सुमारे 7,700 ओहमपर्यंत घसरावा लागतो. तेवढ्या गळतीला विजेची गळती ओळखणारी आरसीसीबी पडते. निरोगी वायरिंगचा रोध मात्र किमान 1 मेगाओहम, म्हणजे 10 लाख ओहम हवा. या दोन आकड्यांमधला दोष फक्त मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र, दाखवते.

मेन बंद करून, बल्ब आणि उपकरणे सोडवून, फेज व न्यूट्रल एकत्र जोडून अर्थच्या तुलनेत 500 व्होल्ट डीसीने रोध मोजतात. आकडा कमी आला तर डीबीत (वितरण बोर्डात) एकेक सर्किट सुटे करून मोजायचे. दोषी सर्किट सापडले की ते मधल्या जंक्शन बॉक्सपाशी तोडून कोणता अर्धा भाग खराब आहे ते पाहायचे. दोष कॉन्ड्यूटमध्ये असेल तर टेप गुंडाळून भागत नाही. दोन बॉक्समधली वायर बदलावी लागते. ओल असेल तर आधी पाण्याची गळती थांबवायची.

हे काम परवानाधारक वायरमनचे. घरमालकाने प्रत्येक सर्किटचा आकडा तारखेसह लिहून घ्यावा. गेल्या वेळी 200 मेगाओहम दाखवणारे सर्किट यंदा 3 वर आले, तर ते नियमात बसत असले तरी कारण शोधायलाच हवे.