जुन्या संगणकांचे जतन : मूळ सुटे भाग की आधुनिक पर्याय?

प्रस्तावना :
धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात (स्थापना १९२७) व समर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली जुनी हस्तलिखिते लिपी जाणणाऱ्यास आजही थेट वाचता येतात. याउलट १९९० नंतरच्या दशकात संगणकावर जुळविलेला मराठी मजकूर मूळ यंत्र बंद पडताच वाचेनासा होऊ शकतो. जळगाव येथे १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतरच्या काळातील प्रबंध, स्मरणिका व नियतकालिके यांच्या संगणकीय प्रती अशा यंत्रांवर असू शकतात. ही यंत्रे चालू ठेवताना मूळ भाग वापरावेत की आधुनिक, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

जुन्या यंत्राची गरज :
युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ पासून असला, तरी विंडोज २००० पूर्वी त्याचा वापर रुळला नव्हता. प्रत्येक कंपनीच्या फाँटची सांकेतिक रचना वेगळी होती. काही प्रणालींना प्रिंटरच्या पोर्टला जोडलेले हार्डवेअर लॉक लागे. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डास जुन्या पद्धतीचा आयसा स्लॉट लागे. आजच्या सर्वसाधारण संगणकात या दोन्ही सोयी नसतात. यूएसबीवरून प्रिंटर जोडणारी तार वापरल्यास असे लॉक बहुधा ओळखले जात नाही. म्हणून मदरबोर्ड मूळचाच राखावा लागतो.

बिघाडाची कारणे :
इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील द्रव कालांतराने सुकतो वा गळतो. तापमान १० अंशांनी वाढल्यास त्याचे आयुष्य साधारणतः निम्मे होते, असा ठोकताळा आहे. मे महिन्यात जळगावचे तापमान अनेकदा ४४-४५ अंशांवर जाते. सबब बंद खोलीत ठेवलेले यंत्रही सुरक्षित नसते. जुन्या मदरबोर्डवरील निकेल-कॅडमियम बॅटरी गळून तांब्याच्या रेषा कुरतडते. हार्डडिस्क व फ्लॉपी ड्राइव्ह यांतील फिरते भाग झिजतात.

मूळ भाग व पर्यायी भाग :
मूळ भाग यंत्राशी पूर्णतः जुळतात. परंतु दुसऱ्या जुन्या यंत्रातून काढलेला भागही तितकाच वृद्ध असतो. न वापरलेला जुना कपॅसिटरदेखील पडून राहिल्याने निकामी होतो. पर्यायी भागांत हार्डडिस्कऐवजी साध्या जोडपट्टीवर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि फ्लॉपीऐवजी पेनड्राइव्हवर चालणारा अनुकारक बसविता येतो. तथापि जुने बायॉस ५०४ मेगाबाइट किंवा ८.४ गिगाबाइटपेक्षा मोठी डिस्क ओळखत नाही. नव्या वीजपुरवठ्यात उणे ५ व्होल्टची वाहिनी नसते. काही जुन्या कार्डांना ती लागते.

निवडीचा निकष :
१९५१ चा हारवेल डेकाट्रॉन हा संगणक २०१२ मध्ये ब्लेचली पार्क येथील संग्रहालयात शक्यतो मूळ भागांसह पुन्हा चालू करण्यात आला. तेथे यंत्र हाच पुरावा होता. आपल्या महाविद्यालयांत पुरावा आहे तो मजकूर. यंत्र हे त्याचे साधन. यास्तव झिजणारे भाग निःशंकपणे बदलावेत. मात्र मदरबोर्ड, जिस्ट कार्ड व लॉक यांना हात लावू नये. बदल पूर्ववत करता येईल असाच असावा व काढलेला भाग चिठ्ठी लावून जपावा.

कार्यक्रमही महत्त्वाचा आहे. यंत्र चालू करण्यापूर्वी हार्डडिस्क काढून दुसऱ्या संगणकावर तिची संपूर्ण प्रत घ्यावी. नंतर बॅटरी व कपॅसिटर बदलावेत आणि वीजपुरवठा तपासावा. यंत्र सुरू झाल्यावर मजकुराची छापील प्रत काढावी, तो युनिकोडमध्ये रूपांतरित करावा आणि छापील प्रतीशी ताडून पाहावा. रूपांतरात जोडाक्षरे व रफार हमखास बिघडतात.

निष्कर्ष :
मूळ भागांचा आग्रह वस्तुसंग्रहालयास शोभतो. महाविद्यालयास तो परवडणारा नाही. आधुनिक भागांनी यंत्रास मिळणारे आयुष्यही मर्यादितच असते. तेवढ्या अवधीत मजकूर बाहेर काढला नाही, तर आपल्या विभागाची काही वर्षांची लेखनसंपदा यंत्राबरोबरच भंगारात जाईल. जुने यंत्र निर्लेखित करण्यापूर्वी भाषा विभागाने त्यातील मजकूर एकदा तपासणे म्हणूनच अगत्याचे आहे.