अमेरिकेत घटस्फोट : व्हिसा जातो, हक्क नाही

पती एच-१बी व्हिसावर, पत्नी एच-४वर. अमेरिकेत पतीने घटस्फोटाचा दावा केला, तर तिचं काय?

व्हिसा कधी संपतो? दावा दाखल होताच नाही. अंतिम निकाल लागला, की एच-४चा आधार जातो. दोघांच्या अल्पवयीन मुलांचा दर्जा मात्र टिकतो.

कोर्टात बाजू मांडता येते? हो. अमेरिकी राज्यघटनेची १४वी दुरुस्ती ‘कोणत्याही व्यक्ती’ला संरक्षण देते, नागरिकत्वाची अट नाही. नोटीस आणि सुनावणीची संधी द्यावीच लागते. सरकारी खर्चाने वकील मिळेलच, असं मात्र नाही.

धोका कुठे? नोटिशीला मुदतीत उत्तर दिलं नाही, तर एकतर्फी निकाल लागू शकतो. म्हणून उत्तर वेळेत द्यावं आणि दुसऱ्या व्हिसासाठीचा अर्ज निकालाआधीच करावा.