कॅटरिना चक्रीवादळ : दोष कुणाचा?

दि. २९ ऑगस्ट २००५ रोजी, सोमवारी सकाळी, कॅटरिना नावाचे चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर लुईझियाना राज्यात धडकले. न्यू ऑर्लिन्स शहर आणि त्याच्या परिसरातील पूरभिंती व मातीचे बांध पन्नासांहून अधिक ठिकाणी फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. मृतांचा आकडा पुढे कित्येक वर्षे १,८३३ असा सांगितला जात असे. अमेरिकेच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने २०२३ साली फेरतपासणी करून तो १,३९२ असा केला. म्हणजे किती माणसे मेली हे नीट मोजण्यासही त्या बलाढ्य राष्ट्राला अठरा वर्षे लागली. मग ती कुणामुळे मेली, हा वाद लवकर मिटेल अशी अपेक्षा कोण करील?

हा वाद आपल्या वाचकांनी समजून घेण्याजोगा आहे. संकट आले की सरकार कुठे होते, हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. परंतु त्याचे उत्तर शोधता शोधता, ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्याच दारात दोष नेऊन कसा ठेवला जातो, हे न्यू ऑर्लिन्समध्ये जितके स्पष्ट दिसले तितके क्वचितच दिसते.

प्रथम शहराची ओळख करून घेऊ. मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ वसलेल्या या शहराचा मोठा भाग समुद्रसपाटीपेक्षा खोल आहे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पाँटचारट्रेन नावाचे विस्तीर्ण सरोवर. मध्ये बशीसारखे शहर, आणि बशीच्या कडा म्हणजे बांध. सन २००० च्या जनगणनेनुसार येथे सुमारे ४ लक्ष ८५ हजार लोक राहत होते व त्यांतील दोन-तृतीयांश कृष्णवर्णीय होते. दर शंभरांत सुमारे २८ माणसे दारिद्र्यरेषेखाली होती. चारांतील एका घरी मोटार नव्हती. जेथे भाजी आणायलाही मोटार लागते त्या देशात हा आकडा काय सांगतो, हे पुढे दिसेलच.

अमेरिकेत आपत्तीच्या कामाची उतरंड अशी आहे की, पहिली जबाबदारी शहराची, मग राज्याची, आणि राज्याने मागणी केल्यावर केंद्र सरकारची. राज्याचा प्रमुख म्हणजे गव्हर्नर. हा आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो. तो लोकांनी निवडलेला, म्हणजे अधिकाराने आपल्या मुख्यमंत्र्यासारखा असतो. त्या वेळी शहराचे महापौर रे नेगिन, राज्याच्या गव्हर्नर कॅथलीन ब्लँको आणि राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश होते. पहिले दोघे डेमोक्रॅटिक पक्षाचे, तिसरे रिपब्लिकन. केंद्राच्या वतीने मदत पोहोचविणारी संस्था 'फेमा'. नव्वदच्या दशकात तिचा चांगला नावलौकिक होता. परंतु २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर तिला २००३ साली अंतर्गत सुरक्षेच्या नव्या अवाढव्य खात्यात सामील करण्यात आले आणि सर्वांचे लक्ष दहशतवादाकडे वळले. तिचे तत्कालीन प्रमुख मायकेल ब्राऊन हे पूर्वी अरबी घोड्यांच्या एका संघटनेत पदाधिकारी होते. ही गोष्ट बाहेर आल्यावर वृत्तपत्रांना आयतेच खाद्य मिळाले.

आता आरोप कसे झाले ते पाहू. ब्लँको यांनी २६ ऑगस्टला राज्यात आणीबाणी जाहीर केली व दुसऱ्याच दिवशी केंद्राकडे मदत मागितली. बुश यांनी ती त्याच दिवशी कागदोपत्री मंजूर केली. नेगिन यांनी शहर सक्तीने रिकामे करण्याचा आदेश काढला तो मात्र रविवारी, २८ तारखेला सकाळी, म्हणजे वादळाच्या आदल्या दिवशी. तरीही शहरातील बहुसंख्य लोक आपापल्या मोटारींनी बाहेर पडले. हे काही लहान यश नव्हे, आणि टीकाकार ते विसरतात. मागे राहिले ते सुमारे एक लक्ष लोक. त्यांच्यासाठी सुपरडोम हे झाकलेले प्रचंड क्रीडागृह उघडण्यात आले. तेथे वीस हजारांहून अधिक माणसे कोंबली गेली. वीज गेली, छत फाटले, शौचालये तुंबली. शहराच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्येही हजारो लोक जमले, आणि तेथे तर अन्न नाही, पाणी नाही, औषध नाही. तेथील वृद्ध स्त्रीपुरुषांची दृश्ये सारे जग दूरदर्शन संचावर पाहत होते. फेमाच्या प्रमुखांनी मात्र १ सप्टेंबरला मुलाखतीत सांगितले की, या लोकांविषयी आपल्याला आजच कळले!

मग बोटे उठली. शाळेच्या पिवळ्या बसगाड्या ओळीने पाण्यात बुडालेल्या, असे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. महापौरांनी या बसेस का वापरल्या नाहीत, असा सवाल रिपब्लिकनांनी केला. चालक कुठून आणायचे, असा उलट सवाल महापौरांनी केला. फेमाने कबूल केलेल्या बसेस वेळेवर आल्या नाहीत, असे गव्हर्नरांचे म्हणणे. गव्हर्नरांनी राज्याच्या राखीव सैन्याचे नियंत्रण केंद्राकडे सोपविण्यास नकार दिला, असे केंद्राचे म्हणणे. राज्याच्या त्या सैन्यातील सुमारे तीन हजार जवान तर त्या वेळी इराकमध्ये होते. राष्ट्राध्यक्षांनी ३१ ऑगस्टला सुटी आटोपून परतताना विमानाच्या खिडकीतून बुडालेले शहर पाहिले. ते छायाचित्र त्यांना आयुष्यभर चिकटले. १९६५ साली बेट्सी चक्रीवादळानंतर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन दुसऱ्याच दिवशी याच शहरात येऊन अंधाऱ्या निवारा-छावणीत लोकांसमोर उभे राहिले होते. जुन्या माणसांना त्याची आठवण होणारच. बुश यांनी २ सप्टेंबरला ब्राऊन यांची जाहीर पाठ थोपटली आणि दहा दिवसांत ब्राऊन यांना राजीनामा द्यावा लागला. १३ सप्टेंबरला, केंद्र सरकार जेथे कमी पडले तेवढ्यापुरती जबाबदारी आपण घेतो, असे बुश म्हणाले. २००६ साली प्रतिनिधिगृह, सिनेट आणि व्हाइट हाऊस यांचे तीन स्वतंत्र अहवाल आले. तिन्ही पातळ्यांवर अपयश आले, असेच त्यांतून दिसले.

सर्वांचा दोष म्हटला की कुणाचाच राहत नाही. जो तो आपला वाटा दुसऱ्याच्या पदरात टाकत असता, रिकामी राहिलेली जागा एका वेगळ्याच आरोपाने भरली. "आदेश दिला होता ना? मग हे लोक गेले का नाहीत?" हा तो आरोप. आपण याचे उत्तर नीट दिले पाहिजे. वादळ आले महिनाअखेरीस. शासकीय मदतीचा वा निवृत्तिवेतनाचा धनादेश येतो महिन्याच्या आरंभी. २८ तारखेला त्या घरांत रोख पैसा नव्हता. मोटार नव्हती. बाहेरगावी हॉटेलात राहण्याची ऐपत नव्हती. घरात अंथरुणाला खिळलेली आई होती. लुईझियानातील मृतांपैकी जवळजवळ निम्मे लोक ७५ वर्षांच्या वरचे होते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे 'हट्टाने थांबले' या शब्दांतला अन्याय कळतो. शहर सोडण्याची योजना मोटार असलेल्या माणसासाठी केलेली होती. मोटार नसलेला माणूस योजनेतच नव्हता.

याच्या जोडीला अफवा आल्या. सुपरडोममध्ये खून-बलात्कारांचे थैमान चालले आहे, मदतीच्या हेलिकॉप्टरांवर गोळीबार होतो आहे, अशा बातम्या खुद्द महापौर आणि पोलीसप्रमुख यांच्याही तोंडी होत्या. पुढे त्यांपैकी बहुतेक अतिरंजित वा निराधार ठरल्या. पण तोवर मदत करणारे बिचकले, आणि भुकेल्या लोकांकडे लुटारू म्हणून पाहिले गेले. दोन वृत्तसंस्थांची दोन छायाचित्रे त्या आठवड्यात गाजली. दोन्हींत छातीभर पाण्यातून खाद्यपदार्थ घेऊन जाणारी माणसे होती. कृष्णवर्णीय तरुणाच्या चित्राखाली त्याने दुकान 'लुटले' असे होते, तर गोऱ्या जोडप्याला ते पदार्थ 'सापडले' होते. पुरातून बाहेर आलेल्यांना 'निर्वासित' म्हणण्यासही कृष्णवर्णीय नेत्यांनी हरकत घेतली. आपल्याच देशातील नागरिक निर्वासित कसे? शब्दांचा हा खेळ आपल्या समाजबांधवांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

१ सप्टेंबरला शहराबाहेर पडण्यासाठी मिसिसिपीवरील पुलावरून पायी निघालेल्या लोकांना पलीकडच्या, गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या ग्रेट्ना गावच्या पोलिसांनी बंदुका रोखून परत पाठविले. ४ सप्टेंबरला डँझिगर पुलावर शहराच्या पोलिसांनी निःशस्त्र कृष्णवर्णीयांवर गोळ्या झाडल्या. दोघे ठार व चौघे जखमी झाले. त्या पोलिसांनी न्यायालयात गुन्हा अखेरीस कबूल केला तो २०१६ साली.

बांध मुद्दाम सुरुंगाने उडविले, अशी अफवा कृष्णवर्णीय वस्त्यांतही पसरली होती. ती खोटी होती. परंतु तिला मूळ होते. १९२७ च्या महापुरात न्यू ऑर्लिन्सच्या धनिकांनी शहर वाचविण्यासाठी खालच्या बाजूचा बांध खरोखरच सुरुंगाने उडविला होता, आणि बुडालेल्या गरीब मच्छीमारांना कबूल केलेली भरपाई बव्हंशी मिळालीच नाही. माणसे उगीच संशय घेत नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वरील सर्व वाद वादळानंतरच्या चार-पाच दिवसांचा आहे. परंतु शहर बुडाले कशाने? कॅटरिना समुद्रावर असताना पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचे होते. किनाऱ्यावर आले तेव्हा ते तिसऱ्या श्रेणीचे उरले होते. सतराव्या रस्त्याचा कालवा आणि लंडन ॲव्हेन्यू कालवा यांच्या भिंती पाणी त्यांच्या माथ्यापर्यंत पोहोचण्याआधीच कोसळल्या. म्हणजे निसर्गाने भिंत ओलांडली नाही. भिंतच कच्ची होती. बेट्सीनंतर १९६५ साली अमेरिकन संसदेने हे काम लष्कराच्या अभियंता दलाकडे दिले होते. ते तेरा वर्षांत पुरे व्हायचे होते. चाळीस वर्षांनीही ते अपुरेच होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभियांत्रिकी अभ्यासाने दाखवून दिले की, ऐंशीच्या दशकातील एका चाचणीचा चुकीचा अर्थ लावून भिंतींखालची पोलादी पत्र्यांची पाते मऊ जमिनीत केवळ १७ फूट खोल ठोकली गेली. ती ३१ ते ४६ फूट जायला हवी होती. त्यात सुमारे दहा कोटी डॉलर वाचले. नुकसान किती झाले? १२५ अब्ज डॉलर.

आणि हे कुणाला ठाऊक नव्हते असेही नाही. 'टाइम्स-पिकायून' या स्थानिक वृत्तपत्राने २००२ सालीच लेखमाला लिहून अशा पुराचा इशारा दिला होता. जुलै २००४ मध्ये फेमाने काल्पनिक वादळाची तालीम घेतली. तिच्यात बुडालेले न्यू ऑर्लिन्स आणि मागे राहिलेले हजारो वाहनहीन लोक हे सर्व होते. पुढच्या बैठकांसाठी पैसा कमी पडला आणि योजना अर्धवट राहिली.

अभियंता दलाने जून २००६ मध्ये आपल्या रचनेतील दोष कबूल केला. तेव्हा पूरग्रस्त न्यायालयात गेले. परंतु १९२८ च्या पूरनियंत्रण कायद्यात असे कलम आहे की, पुराच्या पाण्याने झालेल्या हानीबद्दल केंद्र सरकारवर दावा चालत नाही. २००८ साली न्यायाधीश स्टॅनवुड ड्यूव्हल यांनी दलावर कडक ताशेरे ओढले, पण त्याच कलमापुढे कालव्यांच्या भिंतींचे दावे त्यांना फेटाळावे लागले. जहाजांसाठी खोदलेल्या एका कालव्याच्या बाबतीत त्यांनी २००९ साली दलाला दोषी धरले. तो निकालही वरच्या न्यायालयात २०१२ साली टिकला नाही. थोडक्यात, घोड्यांच्या संघटनेतून आलेल्या अधिकाऱ्याची नोकरी गेली, आणि ज्यांनी कच्ची भिंत बांधली त्यांना दंड झाला नाही. दूरदर्शनवर दिसणारा माणूस पकडणे सोपे असते, हे त्याचे एक कारण. कायदा कुणी व कुणासाठी केला, हे दुसरे.

त्याच वर्षी, सुमारे एक महिना आधी, २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेव्हा मुंबईकरांची माणुसकी आणि अमेरिकेची बेदिली अशी तुलना आपल्याकडे मोठ्या अभिमानाने होत असे. माणुसकी खरीच होती. पण दोष देण्याची रीत काही निराळी नव्हती. मिठी नदी तुंबविली म्हणून बोट गेले ते काठावरच्या झोपड्यांकडे. त्याच नदीवर विमानतळाची धावपट्टी आहे आणि तिच्या खाडीत भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे आहे, हे मागाहून आठवले.

न्यू ऑर्लिन्सची घरे पुन्हा बांधण्यासाठी 'रोड होम' नावाची अनुदान योजना निघाली. घराची वादळापूर्वीची बाजारकिंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यांपैकी जी रक्कम कमी असेल तिच्यावर अनुदान ठरे. वरवर पाहता यात वर्णाचा उल्लेखही नाही. परंतु कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तशाच घराची किंमत बाजारात कमी लागते. त्यामुळे तेवढेच घर, तेवढीच पडझड, लाकूड आणि विटांचा भावही तोच, पण हाती येणारी रक्कम मात्र कमी. ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःची होती अशा लोअर नाइन्थ वॉर्डमधील कित्येक कुटुंबांना या हिशेबात परत येता आले नाही. कृष्णवर्णीय घरमालक व निवारा-हक्काच्या संस्था न्यायालयात गेल्या. २०११ साली तडजोड झाली आणि सुमारे ६ कोटी २० लक्ष डॉलर वाढीव देण्याचे ठरले. तोपर्यंत वादळाला सहा वर्षे होत आली होती.