सर्ल्स सरोवर : हँक्साइटचे माहेर

कॅलिफोर्नियातील मोहावे वाळवंटात, अर्गस आणि स्लेट या दोन डोंगररांगांच्या मधल्या खोलगट भागात सर्ल्स सरोवर आहे. सरोवर हे नाव मात्र आता नकाशापुरतेच उरले असून, सुमारे 100 चौरस किलोमीटरच्या त्या विस्तारात पाण्याच्या जागी मिठाचा पांढरा, भेगाळलेला थर पसरलेला दिसतो. त्याच्या काठावरील ट्रोना हे गाव लॉस एंजेलिसहून रस्त्याने सुमारे 270 किलोमीटरवर आहे आणि त्याला नावही खनिजाचेच मिळाले आहे. ट्रोना म्हणजे सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट एकत्र असलेला क्षार. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवरातही तो आढळतो. या कोरड्या तळ्याची खनिजशास्त्रातील खरी कीर्ती मात्र हँक्साइट या दुर्मीळ सल्फेटमुळे आहे.

सल्फेट म्हणजे गंधकाचा एक आणि ऑक्सिजनचे चार अणू मिळून झालेला ऋणभारित गट असलेला क्षार. हँक्साइटच्या सूत्रात सोडियमचे 22 आणि पोटॅशियमचा एक अणू, तर त्यांच्या जोडीला सल्फेटचे नऊ गट, कार्बोनेटचे दोन गट आणि क्लोरीनचा एक अणू असतो. सल्फेट आणि कार्बोनेट हे दोन्ही गट एकाच स्फटिकात नांदावेत, असे निसर्गात फार थोड्या खनिजांत घडते. विल्यम अर्ल हिडन यांनी 1885 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि कॅलिफोर्नियाचे पहिले राज्य खनिजतज्ज्ञ हेन्री हँक्स यांचे नाव त्याला देण्यात आले. त्याचे षट्कोनी, दोन्ही टोकांना निमुळते होणारे स्फटिक प्रथमदर्शनी गारेसारखे भासतात. परंतु गार काचेवर ओरखडा काढते, तर हँक्साइटची कठिणता जेमतेम 3 ते 3.5 भरते, त्याची चव खारट असते आणि ते पाण्यात विरघळते.

अशा खनिजाच्या उत्पत्तीसाठी आधी भरपूर पाणी यावे लागते आणि नंतर ते सावकाश निघून जावे लागते. हिमयुगात सिएरा नेवाडा पर्वतावरील हिमाचे पाणी ओवेन्स नदीतून उतरत एकापाठोपाठ एक सरोवरे भरत असे आणि वाटेतील ज्वालामुखी प्रदेशातल्या उष्ण झऱ्यांचे बोरॉनसारखे घटकही सोबत आणत असे. सर्ल्स सरोवर त्या काळी सुमारे 200 मीटर खोल होते. आज गावाच्या दक्षिणेस उभे असलेले ट्रोना पिनॅकल्स हे 500 हून अधिक चुनखडी सुळके त्याच पाण्याखाली, तळातून वर येणाऱ्या झऱ्यांच्या तोंडाशी वाढले. पुढे हवामान कोरडे होत गेले, पाणी येणे थांबले आणि बाष्पीभवनामुळे उरलेली मिठवणी, म्हणजे क्षारांनी गच्च झालेले पाणी, अधिकाधिक दाट होत गेली. या चढउतारांत मिठाचे आणि चिखलाचे थर आलटूनपालटून साचले. त्या थरांत मुरलेल्या मिठवणीत सोडियम, सल्फेट, कार्बोनेट, क्लोराइड आणि थोडे पोटॅशियम योग्य प्रमाणात एकत्र आले, तेथे हँक्साइटचे स्फटिक वाढले. चिखलात वाढलेल्या स्फटिकांच्या पोटात तो गाळही अडकलेला दिसतो.

जॉन सर्ल्स यांना 1862 मध्ये येथे टाकणखार सापडला आणि 1873 पासून त्याचे उत्पादन सुरू झाले. ट्रोना गाव 1913 मध्ये कारखान्याची वसाहत म्हणून वसले. तळ्याच्या थरांतील मिठवणी विहिरींतून उपसायची, तिच्यातून धुण्याचा सोडा, टाकणखार, बोरिक आम्ल आणि सोडियम सल्फेट वेगळे काढायचे आणि उरलेले पाणी पुन्हा थरांत सोडायचे, असा येथील उद्योगाचा क्रम आहे. या उद्योगाची मालकी 2007-08 च्या सुमारास अहमदाबादच्या निरमा कंपनीकडे आली. धुण्याच्या पावडरीला लागणारा सोडा हा त्यातील साहजिक दुवा होय. जमीन इतकी खारट आहे की गावातील शाळेचे फुटबॉल मैदान गवताविना, निव्वळ मातीचे ठेवावे लागले.

हा तळ कंपनीच्या ताब्यात असल्याने एरवी तेथे स्फटिक वेचता येत नाहीत. ऑक्टोबरमधील ‘जेम-ओ-रामा’ मेळ्यात मात्र संग्राहकांना प्रवेश मिळतो. तळ्यातून उपसलेल्या काळ्या चिखलाचे ढीग तेथे पसरलेले असतात आणि लोक गुडघे टेकून त्यांत हात घालतात. दुसऱ्या ठिकाणी छिद्रातून दाबाखालील हवा सोडून खोलवरचे स्फटिक मिठवणीसह वर उसळवले जातात. हाती आलेला स्फटिक चिखलाने माखलेला असला, तरी तो नळाखाली धरण्याची चूक जाणकार करत नाहीत, कारण गोड्या पाण्याने त्याच्या धारदार कडा बघता बघता बोथट होतात. त्यासाठी तेथेच मिठवणीने भरलेली भांडी ठेवलेली असतात. क्षारांनी आधीच तृप्त असलेल्या त्या पाण्याला स्फटिकातून घेण्यासारखे काही उरलेले नसते, त्यामुळे तेवढा चिखलच धुऊन निघतो.