टोकन नाणी, युद्धकालीन खाजगी

युद्धकाळात सरकारी सुट्या नाण्यांची टंचाई निर्माण झाली असता व्यापारी, कारखानदार, खाणमालक, वाहतूक कंपन्या इत्यादींनी किरकोळ देवघेवीसाठी काढलेले बिल्ले. त्यांना वैध चलनाचा दर्जा नसतो. ते परत घेऊन त्यांच्या मोबदल्यात माल, सेवा किंवा सरकारी चलन देण्याचे प्रवर्तकाचे आश्वासन, हाच त्यांचा एकमेव आधार होय.

युद्धकाळात तांबे, निकेल इ. धातूंची मागणी व किंमती वाढतात आणि कागदी चलनावरील विश्वास डळमळल्याने लोक नाणी साठवून ठेवतात. मोठ्या रकमांची उणीव नोटांनी भरून निघते. परंतु मोड नसल्यास मजुरी, भाजीपाला, गाडीभाडे यांचे व्यवहार अडतात. याची झळ मुख्यतः रोजंदारीवर जगणाऱ्यांस बसते.

अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) व्यापाऱ्यांनी सेंटच्या आकाराचे तांब्याचे असंख्य बिल्ले काढले. न्यूयॉर्कमधील लिंडेनम्यूलर या मद्यविक्रेत्याने काढलेले बिल्ले तेथील एका ट्राम कंपनीकडे भाड्यापोटी मोठ्या संख्येने जमा झाले. मात्र ते परत घेण्यास त्याने नकार दिला व कंपनीस कायद्याने दाद मागता आली नाही. १८६४ मध्ये अशी खाजगी नाणी बेकायदेशीर ठरविण्यात आली. पहिल्या महायुद्धकाळात जर्मनीत नगरपालिकांबरोबरच खाजगी कंपन्यांनीही जस्ताची व लोखंडाची ‘नोटगेल्ट’ (संकटकालीन चलन) काढली.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८८९ च्या धातु-टोकन अधिनियमाने चलन म्हणून वापरावयाचे धातूचे खाजगी तुकडे बनविण्यास मनाई होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, गरजेहून अधिक नाणी मिळविणे हा गुन्हा ठरविण्यात आला. तरीही १९४२–४३ मध्ये मोडीची तीव्र चणचण भासली. दुकानदार मोडीऐवजी चिठ्ठ्या वा टपाल-तिकिटे देत. मोरवी, जुनागढ इ. काठेवाडी संस्थानांनी जाड कागदाची कूपने काढली. सरकारने १९४३ मध्ये मध्यभागी छिद्र असलेला ब्राँझचा पैसा काढला. जुना पैसा सु. ४·९ ग्रॅ. वजनाचा होता, तर हा ‘भोकाचा पैसा’ सु. २ ग्रॅ. भरे, त्यामुळे तेवढ्याच धातूत दुपटीहून अधिक नाणी पाडता येत.

१८८९ चा अधिनियम २०११ च्या नाणे अधिनियमाने रद्द झाला. तथापि खाजगी धातु-टोकनांवरील बंदी नव्या अधिनियमात कायम ठेवण्यात आली आहे.